पंचगंगेकाठी चिनी पाहुणे

आमच्या कोल्हापुरात 'चायनीज' हा शब्द काढला की रंकाळ्याच्या चौपाटीवरची गाडी, मोठ्या जाळावर उडणारी कढई आणि मुलांचा हट्ट एवढंच डोळ्यांपुढे येतं. चीनविषयी माझं ज्ञानही यापलीकडे फारसं नव्हतं. शाळेच्या इतिहासात ह्युएन त्संग नावाचा एक प्रवासी होता, त्याच्या पाठीवर पोथ्यांचा भारा होता आणि परीक्षेत त्याच्यावर हमखास प्रश्न यायचा, इतकंच आठवत होतं.

गेल्या दिवाळीत माझी पुण्याची भाची चार दिवस राहायला आली. ही मुलगी चिनी भाषा शिकते. तिला कोल्हापूर दाखवायचं म्हणून मी निघाले खरी, पण झालं उलटंच! माझं रोजचं गाव तिनंच मला नव्यानं दाखवलं. सोबत आमच्या सासूबाई होत्या. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे. गुडघे कुरकुरतात, पण 'चला' म्हटलं की आधी चपला घालून त्या दारात उभ्या.

खरं सांगायचं तर, त्यांना सोबत नेण्यामागे माझ्या मनातली बोचणी होती. वर्षभरापासून सासूबाई विसरायला लागल्यात. एकच गोष्ट तीनदा विचारतात. गॅस चालू ठेवून देवघरात जाऊन बसतात. त्या दिवाळीत चिवड्यात मी मीठ घातलं होतं, त्यांनी येऊन पुन्हा घातलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, जाऊबाई शेजारी बसलेल्या. माझा तोल गेला. "आई, तुम्ही आता स्वयंपाकघरात येऊच नका बघू!" असं मी मोठ्यानं बोलून गेले. त्या काही बोलल्या नाहीत. हात धुतले, पदराला पुसले आणि सोप्यावर जाऊन बसल्या. चिवड्याची परात मी निस्तरली. पण मघाचा तो पदराला हात पुसणं काही माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

म्हशीवरचा तत्त्ववेत्ता

पाडव्याच्या दिवशी कोल्हापुरात म्हशींचा थाट असतो, हे तुम्हांला ठाऊक असेलच. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, अंगावर नक्षी, कपाळावर मोरपिसं! मालक पुढे मोटारसायकल पळवतो आणि म्हैस त्याच्यामागे धावते. ते पाहून आम्ही गंगावेशीत दूधकट्ट्यावर आलो. इथे डोळ्यांसमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. भाची पेला घेऊन हसायलाच लागली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"मावशी, चीनमधला एक मोठा तत्त्ववेत्ता म्हशीवर बसून गावाबाहेर निघून गेला, अशी कथा आहे. त्याचं नाव लाओत्से."

"म्हशीवर?" सासूबाईंनी कान टवकारले. "मग त्यो आपल्याकडचाच की!"

कथा अशी. लाओत्से राजदरबारी पोथ्या सांभाळायच्या कामावर होता. राज्यकारभाराला कंटाळून तो म्हातारपणी म्हशीवर बसून पश्चिमेकडे निघाला. काही चित्रांत म्हशीऐवजी बैल दाखवतात. सीमेवरच्या नाकेदारानं त्याला अडवलं आणि म्हटलं, जाण्याआधी तुमचं शहाणपण लिहून द्या. तेव्हा त्यानं जे लिहून दिलं, ते म्हणजे 'ताओ ते चिंग'. पोथी लहानशीच, ८१ प्रकरणांची आणि सुमारे पाच हजार चिनी अक्षरांची. लाओत्से खरोखर होऊन गेला की नाही, यावर पंडितांचा वाद आहे. पोथी मात्र अडीच हजार वर्षांच्या आसपास लोक वाचत आले आहेत.

तिच्यातलं सार भाचीनं पंचगंगेच्या घाटावर बसून सांगितलं. जगाची एक वाट आहे, तिचं नाव ताओ. त्या वाटेशी झगडू नये. पाणी बघा, सगळ्यांत मऊ, नेहमी खालची जागा घेणारं, पण दगड झिजवतं ते पाणीच. घडा उपयोगी पडतो तो आतल्या पोकळीमुळे. म्हणून शहाणा माणूस ओढाताण न करता काम करतो.

"न करता काम होतंय होय?" सासूबाई म्हणाल्या. "मग भाकऱ्या कोण थापायच्या?"

आम्ही पोट धरून हसलो. पण समोर नदी होती. २०१९ आणि २०२१ साली हीच पंचगंगा गावात शिरली होती, तेव्हा पाण्याशी झगडून काय होतं ते आम्ही कोल्हापूरकरांनी पाहिलंय. मऊ म्हणून पाण्याला कमी लेखू नये, हे आम्हांला कुणा चिनी आजोबानं सांगायची गरज नाही!

एका शब्दासाठी भांडण

घाटापासून जवळच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ साली तिथे उत्खनन झालं आणि सातवाहनांच्या काळचं गाव उजेडात आलं. तिथे सापडलेली पोसायडन या सागरदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळते. समुद्रापलीकडचा देव दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या नदीकाठी येऊन राहिला होता म्हणायचं! टाउन हॉलची झाडी मोठी छान आहे. मुलं बरोबर असतील तर डबा घेऊन जावं.

त्या झाडाखाली भाचीनं ह्युएन त्संगची गोष्ट काढली. हा भिक्षू इसवी सन ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला होता. तेव्हा दक्षिणेत चालुक्यांचा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. इथल्या लोकांविषयी त्यानं लिहून ठेवलंय, की हे उंचपुरे, मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. संकटात कुणी मदत मागितली तर स्वतःचं भान विसरून धावतात. आणि सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवून मग घेतात!

"सांगून मारतात. कोल्हापूरच की हे," सासूबाईंनी शिक्कामोर्तब केलं.

त्यानं आणखी एक गोष्ट लिहिली आहे. लढाईत हरलेल्या सेनापतीला इथे दुसरी शिक्षा करीत नसत, फक्त बायकांची वस्त्रं नेसायला देत. हे ऐकून मात्र मला राग आला. आपलं लुगडं म्हणजे कुणाची शिक्षा!

हा ह्युएन त्संग ६४५ साली मायदेशी परतला तो ६५७ ग्रंथ घेऊन. उरलेलं आयुष्य त्यानं त्यांचं चिनीत भाषांतर करण्यात घालवलं. पण त्यानं उलट्या दिशेचंही एक काम केलं होतं. आसामातल्या कामरूपच्या राजासाठी सम्राटानं त्याला लाओत्सेची पोथी संस्कृतात करायला सांगितलं. भाषांतराला बसल्यावर पहिल्याच शब्दावर वाद पेटला. 'ताओ'ला संस्कृतात काय म्हणायचं? ताओपंथीय पंडित म्हणत होते 'बोधी' म्हणा. ह्युएन त्संग म्हणाला, नाही, ताओ म्हणजे 'मार्ग'. बुद्धाचा बोध वेगळा, ही वाट वेगळी. दोघांची सरमिसळ करायची नाही. ते भाषांतर काळाच्या ओघात नाहीसं झालं. पण आपल्या रोजच्या बोलण्यातला 'मार्ग' हा शब्द कुणा चिनी पंडितानं आग्रहानं उचलून धरला होता, हे ऐकून मला उगीचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

आपले शब्द तिकडे गेले ते तर वेगळेच. आपलं 'ध्यान' चीनमध्ये 'चान' झालं, आणि तिथून जपानात जाऊन 'झेन' झालं. बौद्ध धर्म तिकडे पोहोचला, ताओच्या विचाराशी त्याची गाठ पडली आणि दोघांच्या संसारातून हा चान पंथ जन्मला. लेक सासरी गेली की नाव बदलतं, पण तोंडवळा लपत नाही, तसंच हे.

ऊन आणि सावली

संध्याकाळी अंबाबाईला गेलो. आमची आई पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस ठरावीक दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर, असा हा किरणोत्सव. कधी ढग आडवे येतात, कधी वाटेतली बांधकामं. तरी लोक श्वास रोखून उभे असतात.

भाची म्हणाली, "चिनी लोकांच्या यिन आणि यांगचा मूळ अर्थ हाच आहे. डोंगराची उन्हातली बाजू यांग, सावलीतली बाजू यिन."

मला वाटायचं, ते काळं-पांढरं गोल चिन्ह म्हणजे काहीतरी जादूटोणा. त्यात कल्पना अगदी साधी आहे. ऊन सरकलं की सावलीची बाजू उन्हात येते. एकात दुसऱ्याचं बीज असतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास या विचाराची वेगळी शाखाच झाली. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी अशी पाच तत्त्वं त्यांनी मानली आणि चिनी वैद्यक त्यावरच उभं राहिलं. आपली पंचमहाभूतं वेगळी, कारण आपल्यात आकाश आणि वायू आहेत. पण काय खाल्लं की उष्ण पडतं, काय खाल्लं की थंड, हा हिशेब तिकडच्या आज्याही करतात!

चेहऱ्यावरचं कठीण

रात्री जेवणं झाल्यावर सोप्यावर बसलो. विषय निघाला कन्फ्यूशियसचा. इसवी सनापूर्वी ५५१ ते ४७९ हा त्याचा काळ. लहानपणीच वडील गेले. आईनं गरिबीत वाढवलं. राजांना शहाणपण शिकवायचं म्हणून तो वर्षानुवर्षं गावोगाव हिंडला, पण कुणी त्याचं मनावर घेतलं नाही. शिष्यांनी त्याच्या गोष्टी टिपून ठेवल्या म्हणून तो उरला.

त्याचं म्हणणं, माणुसकी हा सगळ्याचा पाया, आणि ती शिकायची जागा म्हणजे घर. आईबापांशी, भावंडांशी नीट वागता आलं तरच गाव आणि राज्य नीट चालेल. सण, उत्तरक्रिया, थोरांना नमस्कार या रीतींना त्यानं मोठं महत्त्व दिलं.

मी मनात म्हटलं, यात काय नवीन? हे तर आपण करतोच.

तेवढ्यात भाची म्हणाली, "पण मावशी, तो पुढे म्हणतो, की आईबापांना पोटाला घालणं म्हणजे सेवा नव्हे. गोठ्यातल्या जनावरालाही आपण घालतोच की. आदर नसेल तर दोन्हींत फरक काय राहिला? आणि एका शिष्याला त्यानं सांगितलं, की काम करून टाकणं सोपं असतं, चेहरा प्रसन्न ठेवणं हेच कठीण."

सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मी तिथे बसून होते, आणि माझ्या कानांत माझाच परवाचा आवाज घुमत होता. मी त्यांना वेळेवर गरम जेवण देते. औषधं देते. पाय चेपून देते. पण हे सगळं करताना माझा चेहरा कसा असतो? आरशात पाहायला कोण जातंय! ताट पुढे ठेवून पाठ फिरवलेली मला माझी मीच दिसायला लागले.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या माणसानं एकदम माझ्या स्वयंपाकघरात येऊन बोट ठेवावं, याचा मला थोडा रागही आला. कारण चेहरा प्रसन्न ठेवायचा तो कुणी? घरातल्या बाईनंच ना? आमचे 'हे' आईला वर्षातून एकदा शालू आणून देतात आणि सगळा गाव त्यांना श्रावणबाळ म्हणतो!

चप्पल लाईनीतली एक आठवण

हा राग मी दुसऱ्या दिवशी भाचीवर काढला. आम्ही चप्पल लाईनीत तिच्यासाठी कोल्हापुरी पायताण घेत होतो.

"तुझ्या त्या कन्फ्यूशियसनं बायकांसाठी काय केलं सांग."

ती गंभीर झाली. म्हणाली, खरं आहे. त्याच्या नावानं पुढे जी घडी बसली तिच्यात बाईनं लहानपणी बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं आणि विधवा झाल्यावर मुलाचं ऐकायचं, असा दंडक होता. आपल्या मनुस्मृतीतला विचार आठवा, जुळी भावंडंच जणू. पुढे बाराव्या शतकातल्या जू शी या पंडितानं कन्फ्यूशियसचा विचार नव्यानं मांडला, आणि नंतरच्या शतकांत विधवेनं पुन्हा लग्न करू नये याचं स्तोम आणखी वाढलं. कन्फ्यूशियसनं कधी न सांगितलेली एक गोष्ट मात्र समाजानं हजारभर वर्षं केली. मुलींची पावलं लहानपणीच बोटं मुडपून घट्ट बांधून टाकायची. तीन इंचांचं पाऊल सर्वांत सुंदर! १९१२ साली चिनी प्रजासत्ताकानं त्यावर बंदी घातली, तरी खेड्यांत ते आणखी काही वर्षं चालूच राहिलं.

मी हातातल्या चपलेकडे पाहिलं. चांगलं जाड तळव्याचं, मैलोन् मैल चालायचं पायताण. दुकानदार विचारत होता, "ताई, नंबर किती?" आणि मला बोलायला सुचेना.

"पण बान झाओसुद्धा तिथलीच," भाची म्हणाली. पहिल्या शतकातली ही बाई. तरुणपणीच विधवा झाली. तिच्या वडिलांनी हान राजवटीचा इतिहास लिहायला घेतला, भावानं तो पुढे नेला. भाऊ तुरुंगात मेला, तेव्हा सम्राटानं ते काम हिच्याकडे सोपवलं आणि हिनं ग्रंथ पुरा करायला हात लावला. राजवाड्यातल्या स्त्रियांना ती शिकवीत असे. बायकांनी कसं वागावं यावर तिनं एक पुस्तकही लिहिलं. त्यात नम्र राहा, सासूचं मन राखा, असा उपदेश खच्चून भरलाय. पण त्याच पुस्तकात ती विचारते, की मुलांना शिकवता तर मुलींना का नाही? वाकून चालता चालता तिनं एक खिडकी उघडून ठेवली. आपल्या आज्यांपैकी कितीतरी जणींनी असंच केलंय, नाही का?

आणि मेन्शियसची आई! मेन्शियस हा कन्फ्यूशियसच्या परंपरेतला दुसरा मोठा माणूस. माणूस मुळात चांगला असतो, असं तो म्हणे. विहिरीत पडणारं मूल पाहून कुणाच्याही पोटात कालवतं, हा त्याचा दाखला. त्याच्या आईची कथा चीनमध्ये पोरासोरांना पाठ असते. घर स्मशानाजवळ होतं, तर पोर अंत्ययात्रेचा खेळ खेळायला लागलं. तिनं बिऱ्हाड हलवून बाजाराजवळ नेलं, तर पोर घासाघीस करायला शिकलं. मग तिनं शाळेजवळ घर घेतलं. एकदा पोरगं अभ्यासाला कंटाळून घरी आलं, तर तिनं मागावरचं विणत आलेलं कापड चाकूनं कापून टाकलं. अर्धवट सोडलेली विद्या अशीच वाया जाते, हे दाखवायला. इचलकरंजीच्या बायकांना विचारा, मागावरचं कापड कापणं म्हणजे काय असतं ते!

कायदा हवा की संस्कार?

दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे. त्या चौकाच्या आसपास त्यांच्या काळातली वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं आजही दिसतात. इथे भाचीनं चीनमधला एक जुना वाद सांगितला.

कन्फ्यूशियसचे लोक म्हणत, माणसाला संस्कारानं वळवा. त्याच परंपरेतला झुनझी म्हणे, माणूस मुळात स्वार्थी, त्याला शिकवूनच सरळ करावं लागतं. त्याचाच शिष्य हान फेई आणखी पुढे गेला. त्याचं मत, की चांगुलपणाची वाट बघत बसू नका. कायदा स्पष्ट लिहा, बक्षीस आणि शिक्षा सगळ्यांना सारखी ठेवा. या कायदेपंथाच्या जोरावर छिन राजानं इसवी सनापूर्वी २२१ साली सगळा चीन एक केला. पण राज्य इतकं कठोर, की २१३ साली जुन्या विचारांचे ग्रंथ जाळले. पंधरा वर्षांत ते राज्य कोसळलं. त्यानंतरच्या हान सम्राटांनी कन्फ्यूशियसला मानाचं पान दिलं, आणि कायदाही हातचा सोडला नाही.

मी पुतळ्याकडे पाहत होते. आमच्या महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या समाजांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्यानं मान्यता दिली. सासूबाई म्हणाल्या, "माझा बाप त्या दंडाच्या भ्यानंच शाळंत गेला. आज्जा म्हणायचा, रुपया भरण्यापरीस पोरगं जाऊ दे." आणि पुढे त्याच बापानं लेकीला हौसेनं चौथीपर्यंत शिकवलं. आधी धाक होता, मग गोडी लागली. चिनी पंडित ज्यावर भांडत होते त्याचा निकाल माझ्या आजेसासऱ्यांच्या घरात लागला होता!

पन्हाळ्यावर

शेवटच्या दिवशी पन्हाळा. कोल्हापुरापासून वीसेक किलोमीटर, एसटीनं सहज होतं. दिवाळीनंतर हवा सुरेख असते. तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव पाहावीत आणि पिठलं-भाकरी खाऊन यावं.

१६६० साली सिद्दी जौहरनं याच गडाला महिनोन् महिने वेढा घातला होता. तटावर उभं राहून भाचीनं मोत्सेची गोष्ट सांगितली. तो कन्फ्यूशियसनंतरचा. माझं घर, माझं राज्य असा भेद न करता सगळ्यांवर सारखं प्रेम करा, लग्नं-मयतांवर पैसा उधळू नका, आणि दुसऱ्यावर चालून जाऊ नका, असं तो सांगे. एका मोठ्या राज्यानं छोट्या राज्यावर हल्ला करायचं ठरवलं. हे कळताच मोत्से दहा दिवस, दहा रात्री चालत गेला. फाटलेल्या पायांना चिंध्या बांधल्या. राजापुढे कमरपट्ट्याचा तट मांडून त्यानं नऊ वेळा दाखवून दिलं, की तुमचा हल्ला मी परतवू शकतो. लढाई टळली. परत येताना ज्या राज्याला त्यानं वाचवलं होतं, त्याच्याच वेशीवर पाऊस लागला, तर पहारेकऱ्यानं त्याला आडोशालाही उभं राहू दिलं नाही!

मैत्रिणींनो, या गोष्टीवर मी फार वेळ हसले. घरातली संकटं येण्याआधीच परतवणारीला कोण ओळखतंय?

पुढे या शंभर पंथांतले बरेचसे मागे पडले. कन्फ्यूशियस, ताओ आणि बुद्ध असे तिघे उरले. कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवर सरकारी नोकरीच्या परीक्षा होत. सातव्या शतकाच्या सुरुवातीला त्या सुरू झाल्या, त्या १९०५ पर्यंत चालल्या. बायकांना त्यांत जागा नव्हती. कोरिया, जपान, व्हिएतनामनंही हा विचार घेतला. विसाव्या शतकात चीनमध्येच त्याच्यावर झोड उठली आणि १९७०च्या दशकात तर त्याच्याविरुद्ध सरकारी मोहीम झाली. आता पुन्हा त्याच्या नावानं संस्था चालतात. म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढावं आणि मग पुन्हा आणून देवघराशेजारी बसवावं, तसं झालं.

परतताना खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ लागला. १९२९ साली 'प्रभात' कोल्हापुरातच निघाली. तिच्यातले व्ही. शांताराम कोल्हापूरचे. त्यांनी १९४६ साली सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर चित्रपट काढला आणि स्वतःच कोटणीस झाले. चीनमध्ये जखमींची सेवा करता करता डॉक्टर १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांची चिनी पत्नी को छिंगलान पुढेही भारतात सासरच्या माणसांना भेटायला येत राहिल्या. चीनमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करून फुलं वाहतात. आपल्या पितृपंधरवड्यासारखंच. त्या दिवसांत तिथले लोक आमच्या या सोलापूरच्या डॉक्टरांच्या समाधीवरही फुलं ठेवतात. हे ऐकून सासूबाईंनी चालत्या रिक्षात हात जोडले.

हाताचं माप

भाची गेली. जाताना एक शेवटची गोष्ट सांगून गेली, च्वांगत्सेची. हा लाओत्सेच्या वाटेवरचा, मोठा गमत्या माणूस. त्याच्या गोष्टीत चाकं करणारा एक म्हातारा सुतार राजाला म्हणतो, तुम्ही वाचताय तो मेलेल्या माणसांचा चोथा आहे. पटाशी किती जोरानं मारायची ते माझ्या हाताला कळतं, पण मला ते माझ्या मुलालाही सांगता येत नाही.

त्या उन्हाळ्यात चटणीचे दिवस आले. कोल्हापूरची कांदा-लसणाची चटणी म्हणजे वर्षाची बेगमी. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी, लवंगी झणक्यासाठी. दरवर्षी प्रमाण सासूबाईंचं. मी वही-पेन घेऊन बसले, वजनाचा काटा मांडला आणि म्हटलं, "आई, धणे किती? खोबरं किती?"

त्या गोंधळल्या. "किती गं… आठवंना." डोळे भरून आले त्यांचे.

मी काटा बाजूला सारला. परात त्यांच्यापुढे ठेवली. "तुम्ही घाला. मी बघते."

त्यांनी हात घातला. धण्यांची ओंजळ, तिळाची मूठ, खसखस चिमटीनं. मिरच्या वास घेऊन निवडल्या. एकदाही अडखळल्या नाहीत. मीठ घालून झाल्यावर पाच मिनिटांनी त्यांचा हात पुन्हा मिठाच्या बरणीकडे गेला. माझ्या तोंडावर शब्द आले होते. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हटलं, "झालंय आई, मघाशीच घातलंय तुम्ही."

"व्हय?" त्या म्हणाल्या. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसल्या.

माझा चेहरा कसा होता, कोण जाणे. चटणी मात्र झकास झालीय. कोल्हापूरला आलात तर घेऊन जा.